एकोणीस किलो सहाशेचा कोपरा

काटेमास्तरांच्या छपरावर सत्तेचाळीस वस्तू होत्या आणि प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या ऑइलपेंटनं तिचं वजन लिहिलेलं होतं. ट्रकच्या चाकाची रिम, बत्तीस किलो दोनशे. जळालेल्या पाण्याच्या पंपाची बॉडी, चौदा किलो नऊशे. बूड गेलेली कोळशाची इस्त्री, चार किलो शंभर. समोरचा सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा टेकवून सांगायचा, "ते बघा, या घरात भंगार वर राहतं आणि माणसं खाली." वस्तरा गळ्यावर असल्यामुळे गिऱ्हाईक हसायचं नाही, पण डोळे वर करून बघायचं मात्र नक्की.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांनी जन्मात कुणाला काही शिकवलेलं नव्हतं. वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. भाजीवाल्यांचे तराजू, भंगारवाल्यांचे जमिनीवरचे मोठे काटे, सोनाराचा काचेच्या पेटीतला नाजूक काटा, सगळे त्यांच्या टेबलावर येऊन सरळ होऊन जायचे. म्हणून ते काटेमास्तर, आणि त्यांच्याशी लग्न केलं एवढ्याच गुन्ह्यासाठी त्यांची बायको मास्तरीणबाई. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि त्या सगळ्यावर एकच उतरतं छप्पर, बावीस पन्हळी पत्र्यांचं.

हाताला लागलेली कुठलीही वस्तू खाली ठेवायच्या आधी मास्तर तिचं वजन मनात नोंदवून घ्यायचे. ही सवय नव्हती, खोड होती. लेक झाली तेव्हा नातेवाईक विचारत होते, कुणावर गेलीय, आणि मास्तर उत्तर देत होते, "दोन किलो आठशे दहा, दुपट्यासकट." पाहुणा बॅग घेऊन आला की ती उचलायला मास्तर पुढे धावायचे. लोकांना वाटायचं, काय अगत्य आहे! अगत्य कसलं, त्यांना फक्त वजन हवं असायचं.

आता असा माणूस छपराच्या नादी कसा लागला, तर त्याला एक वादळ कारणीभूत झालं. नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी वारा सुटला आणि कोपऱ्यातला एक पत्रा करकरत उभा राहिला. दहा वर्षांची लेक त्याच्याच खाली बसून चित्र रंगवत होती. मास्तरांनी तिला काखोटीला मारलं आणि टेबलाखाली घुसले. तेवढ्यात पत्रा सुटला, रस्ता ओलांडून गेला आणि सलूनच्या पाटीचे दोन तुकडे करून तिथेच आडवा झाला. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. पण पत्र्याच्या जागी जे चौकोनी आभाळ दिसलं, ते मास्तर कधी विसरले नाहीत. ते घाबरले होते, आणि लेकीला ते कळलं होतं, याची त्यांना फार लाज वाटली.

मास्तरीणबाईंचा भाऊ फाटकं आणि जाळ्या बनवायचा. दुसऱ्या दिवशी तो येऊन बघून गेला. "भाऊजी, हूक गंजलेत. हूक बदला, रिपा बदला, विषय मिटला," असं म्हणाला. त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पण त्यानं स्वतःच्या घराला बसवलेलं फाटक त्याच आठवड्यात बिजागरीतून निखळून त्याच्याच पायावर पडलं होतं, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन नव्हतं. आणि वजनाच्या बाबतीत मास्तर कुणाचं ऐकणारे नव्हते. त्यांचा हिशोब सरळ होता. वारा एका पारड्यात, छप्पर दुसऱ्या पारड्यात. आपलं पारडं जड ठेवायचं, बस्स.

तर नवा पत्रा बसला आणि त्यावर ठेवायला मास्तर जड वस्तू शोधू लागले. नेमकं त्याच वेळी मास्तरीणबाईंचं शिलाई मशीन बिघडलं होतं. मशीनचं डोकं त्या दुरुस्तीला घेऊन गेल्या होत्या आणि बिडाचा स्टँड, त्याची फळी, चाक आणि पायडल असं सगळं पडवीत रिकामं उभं होतं. मास्तरांनी ते काट्यावर ठेवलं. एकोणीस किलो सहाशे. कोपऱ्याला अगदी मापाचं. मास्तरीणबाई तासाभरानं मशीनचं डोकं उराशी धरून परत आल्या, तेव्हा त्याचे पाय छपरावर चढलेले होते.

"दोनच दिवस गं," मास्तर शिडीवरून म्हणाले. "दुसरं काही मिळालं की लगेच उतरवतो."

या दोन दिवसांना आता नऊ वर्षं होत आली होती.

त्या बाई मुकाट बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. पहिलं वर्ष त्यांनी रोज आठवण केली, दुसऱ्या वर्षी आठवड्यानं, मग पाहुण्यांदेखत. मास्तर प्रत्येक वेळी म्हणायचे, "वाऱ्याचे दिवस सरू देत." वाऱ्याचे दिवस सरले की म्हणायचे, "पुढचे येतीलच आता." मशीनचं डोकं कॉटखाली एका पेटीत होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी मास्तरीणबाई ते बाहेर काढायच्या, तेल घालायच्या, चाक हातानं दोनदा फिरवायच्या आणि परत ठेवायच्या. मास्तरही दरवर्षी छपरावर जाऊन स्टँडला गंजू नये म्हणून लाल रंगाचा हात द्यायचे. दोघंही आपापल्या परीनं ते मशीन सांभाळत होते. एक वर, एक खाली.

पत्र्याखाली राहायचं म्हणजे वादळात काय काय होतं, ते सिमेंटच्या घरातल्या माणसाला सांगून कळायचं नाही. सरीला सुरुवात झाली की या घरातलं बोलणं बंद पडायचं. अर्धवट राहिलेलं वाक्य पाऊस थांबेपर्यंत तोंडात धरून बसावं लागायचं. भांडण चालू असेल तर तेही थांबायचं, आणि उघडल्यावर कुणाची पाळी होती हेच आठवायचं नाही. त्या घरातला संसार टिकला तो पत्र्यामुळे, असं लेक म्हणायची. मास्तरांना मात्र त्या आवाजात सगळं सुटं सुटं ऐकू यायचं. "रिम हलली," म्हणायचे. किंवा, "पंप घसरला दोन बोटं." आणि सकाळी वर जाऊन बघावं तर पंप खरंच दोन बोटं घसरलेला असायचा.

एवढ्यावर भागलं असतं तर ते काटेमास्तर कसले. वारा नेमका किती उचलतो, हे त्यांना आकड्यात हवं होतं. म्हणून त्यांनी कोपऱ्यातल्या वाशाला दोरी बांधली, दोरीला पन्नास किलोचा स्प्रिंगचा ताणकाटा अडकवला आणि त्याचं खालचं टोक फरशीत ठोकलेल्या आकड्याला जखडून टाकलं. वादळ आलं की मास्तर त्या काट्यासमोर स्टूल टाकून बसायचे आणि मोठ्यानं वाचायचे. "सहा... नऊ... अकरा..." अकराच्या पुढे गेलं की घरातल्यांनी टेबलाखाली जायचं, असा नियम होता. लेक लहान होती तोवर तो पाळला गेला. नंतर ती टेबलावरच पाय सोडून बसायची आणि विचारायची, "बाबा, कितीला दिलं?"

ही लेक आता एकोणीस वर्षांची झाली होती आणि इस्पितळात नर्सिंग शिकत होती. एका सोमवारी ती घरी आली ती चपला काढायच्या आधीच बोलू लागली. "आई, आमच्या मेट्रनना चाळीस एप्रन हवेत. नव्या मुली येतायत. मी तुझं नाव सांगितलं. शनिवारी सकाळी द्यायचेत. चांगले झाले तर वर्षभराचं काम तुझ्याकडे."

मास्तरीणबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. लग्नाआधी त्या एका कारखान्यात शर्टाच्या कॉलर शिवायच्या. तिथे त्यांची टीप बघायला मुकादम इतर बायकांना बोलावून आणायचा. या गोष्टीला किती वर्षं झाली हे त्यांनी मोजलं नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"अहो," त्या दुकानात जाऊन म्हणाल्या, "स्टँड उतरवायचाय."

मास्तर एका तराजूची दांडी कानस लावून घासत होते. हात थांबला. "आत्ता? ऐन वाऱ्याच्या दिवसांत? रेडिओवर काय सांगतायत ऐकलंस का?"

"ऐकलं. आणि मेट्रननी काय सांगितलं ते तुम्ही ऐकलंत ना?"

"हातानं शिवता नाही येणार?"

"चाळीस?"

"मी काजं करीन. बटणं लावीन."

"एप्रनला काजं नसतात, नाड्या असतात," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

रात्रीचं जेवण झालं ते कुणी कुणाशी न बोलता, आणि पाऊस तर पडत नव्हता. मंगळवारी सकाळी मेट्रनकडून पांढऱ्या कापडाचा तागा आला. मास्तरीणबाईंनी चाळीसच्या चाळीस एप्रन कापून काढले, एक सुई घेतली आणि बरोबर त्या कोपऱ्याखाली, खिडकीपाशी, चटई टाकून शिवायला बसल्या. मास्तरांना पाण्याचा पेला हवा असला तरी तिथूनच जावं लागायचं. जाताना ते बघायचे. संध्याकाळपर्यंत दोन एप्रन झाले. बुधवारी आणखी दोन झाले आणि बोटाला चिंधी बांधलेली दिसली.

मास्तर काही दगडाचे नव्हते. त्यांनी बुधवारी दुपारी घरभर फिरून एकोणीस किलो सहाशेचं दुसरं काही मिळतं का ते पाहिलं. ट्रंक भरली तर सव्वीस, रिकामी नऊ. शेगडी आठ. सलूनवाल्याची जुनी लोखंडी खुर्ची मिळते का म्हणून विचारून आले. तो म्हणाला, "मास्तर, तुमचं एक छप्पर माझ्या पाटीवर आलं, आता माझी खुर्ची तुमच्या छपरावर नेता? जाताना गिऱ्हाईकही घेऊन जा." शेवटी मास्तर आपल्या कपाटापाशी येऊन उभे राहिले.

त्या कपाटात त्यांची स्वतःची प्रमाण वजनं होती. शिक्का मारलेली, मखमलीच्या खाचांत बसवलेली. सगळ्या काट्यांची परीक्षा त्यांच्यावर व्हायची. त्यांना उघड्या हातानं शिवायचं नाही, ओल्या हवेत काढायचं नाही, घरच्यांनी पुसायचंही नाही, असा त्यांचा दरारा होता. त्यातलं सर्वांत मोठं वीस किलोचं. वीस म्हणजे चारशे ग्रॅम वरच. मास्तरांनी कपाट उघडलं, कातड्याचा रुमाल हातात घेतला आणि वजनाच्या कडीला हात घातला. पण हात पुढे जाईना. चार महिने पावसात राहिलं तर हे वजन वजन राहणार नाही, नुसतं लोखंड राहील. माझा धंदाच बसेल, असं त्यांच्या मनात आलं. आणि ते मनात येताक्षणी त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. बायकोचा स्टँड शिडीवरून वर नेताना त्यांचा हात क्षणभरसुद्धा थांबला नव्हता. कसं झालं असेल तिला, हा प्रश्नच तेव्हा पडला नव्हता.

त्यांनी कपाट लावून किल्ली फिरवली. पण स्टँड उतरवला नाही. स्वतःची चूक कळणं निराळं आणि छपरावर चढणं निराळं.

गुरुवारी सकाळी मंडईत एका भाजीवाल्याचा काटा अडला म्हणून मास्तरांना बोलावणं आलं. ते गेले आणि अकराच्या सुमाराला परत आले. रस्ता ओलांडताना सलूनवाला दारात उभा होता. "मास्तर," तो म्हणाला, "तुमचं घर आज जरा वजनात मारलेलं दिसतंय."

मास्तरांनी वर बघितलं. कोपरा रिकामा होता. पत्र्यावर स्टँडच्या पायांचे चार स्वच्छ ठसे तेवढे राहिले होते.

आत मास्तरीणबाई खिडकीपाशी जमिनीवर बसून स्टँडच्या पायडलवरचा लाल रंग चाकूनं खरवडत होत्या. नऊ वर्षांत नऊ थर चढले होते आणि पायडल, दांडा, चाक सगळं एकजीव झालं होतं. लेकीनं इस्पितळात जायच्या आधी सलूनवाल्याची शिडी आणून, कमरेला दोर बांधून स्टँड खाली आणला होता. तो दोर खालून कुणी धरला होता, हे सलूनवाल्यानं मास्तरांना पुढे कधीच सांगितलं नाही.

"अगं, एकोणीस किलो सहाशे आहे तो!" मास्तर ओरडले.

"ठाऊक आहे. त्यावर लिहिलंय."

"वारा येतोय. आभाळ बघ बाहेर."

"मग दार लावून घ्या."

"मी परत चढवतो तो."

मास्तरीणबाईंनी चाकू बाजूला ठेवला. "चढवा," त्या म्हणाल्या. "पण मग मलाही चढवा वर. त्रेपन्न किलो आहे मी. एका दगडात तुमचे दोन कोपरे होतील." हे त्या हसत म्हणाल्या नाहीत. मास्तर दुकानात जाऊन उगाच एक तराजू पुसू लागले. थोड्या वेळानं आतून पहिल्यांदा पायडलचा आवाज आला. आधी करकर, मग खटखट, मग एकसारखी धावती टीप. मास्तर पुसायचे थांबले. घरात नऊ वर्षं काय नव्हतं, ते त्यांना कळलं.

शुक्रवारी दुपारपर्यंत चौतीस एप्रन झाले होते. सहा उरले होते. घरात दोघंच होती. लेक कामावर होती. दोन वाजता आभाळ काळं झालं, सव्वादोनला सलूनवाल्यानं दुकान ओढून घेतलं आणि अडीचला वारा आला.

तो असा तसा वारा नव्हता. पहिल्या झोतातच वळचणीची पन्हळ निघून गेली. मास्तर स्टूल घेऊन ताणकाट्यासमोर धावले. ताणकाटा आता मशीनला खेटून आला होता, कारण मशीन खिडकीपाशी त्याच कोपऱ्यात होतं. "सात," मास्तर ओरडले. "दहा. तेरा!" मास्तरीणबाईंनी मान वर केली नाही. "सतरा! अगं, टेबलाखाली ये!" त्यांनी एक एप्रन संपवला आणि दुसरा घेतला. पाऊस पत्र्यावर आल्यावर मास्तरांचं ओरडणं त्यांचं त्यांनाही ऐकू येईना. ते बोटांनी आकडे दाखवू लागले, दोन पंजे, मग पुन्हा दोन पंजे, मग आणखी तीन बोटं.

तेवीसवर फरशीतला लोखंडी आकडा सिमेंटसकट उपटून वर आला.

ताणकाटा लोंबकळत मास्तरांच्या कपाळावर आपटला आणि त्याच क्षणी कोपऱ्यातला पत्रा उठला, धाडकन बसला आणि परत उठला. फटीतून पाण्याचा झोत आत आला तो थेट तयार एप्रनच्या ढिगाकडे. मास्तरीणबाईंनी ढीग ओढून मशीनखाली घातला. मास्तरांच्या डोळ्यांपुढे ते चौकोनी आभाळ उभं राहिलं. मग त्यांनी काहीही विचार न करता दोरी दोन्ही हातांनी पकडली आणि तिला लटकले.

पत्रा बसला. बसला तो बसूनच राहिला.

मास्तर गुडघे दुमडून दोरीला लोंबत होते आणि मास्तरीणबाई त्यांच्याकडे बघत होत्या. आधी त्यांच्याकडे, मग फरशीतल्या खड्ड्याकडे, मग वर वाशाकडे. त्या उठल्या, नवऱ्याच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडल्या, "काल सकाळपासून स्टँड खाली आहे! छप्पर आत्ता उठलं! दोरी सुटल्यावर!"

मास्तर लोंबकळत राहिले.

"तो कोपरा माझ्या मशीननं नाही धरला कधी! या तुमच्या काट्यानं धरला! खालून!"

"खालून?" मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज ऐकू आला नाही, पण ओठ दिसले.

जन्मभर ज्यानं दांडीखाली पारडी टांगली, त्या माणसाला वजन खालूनही टांगता येतं हे सुचलं नव्हतं. पारडं जड करायचं म्हणून तो वर चढवत राहिला, आणि दांडीच्या वर कुणी वजन ठेवतं का? शिकाऊ पोरसुद्धा ठेवत नाही. आणि बरं, चढवलं ते कुणाचं? मास्तरांचं तोंड रडवेलं झालं. मास्तरीणबाईंना हसू येत होतं, पण वेळ नव्हता. त्यांनी लेकीचा कालचा दोर ताणकाट्याच्या खालच्या टोकात ओवला आणि मशीनच्या स्टँडच्या मधल्या आडव्या पट्टीला तीन वेढे देऊन गाठ मारली. ती गाठ बघून मास्तरांनी दोरी सोडली.

छप्पर थांबलं. स्टँड एकोणीस सहाशे आणि डोकं अकरा चारशे, म्हणजे एकतीस, मास्तरांनी मनात बेरीज केली. काट्यावर तेवीस दिसत होते. मास्तरीणबाई स्टुलावर बसल्या, चष्मा पुसला आणि टीप पुढे चालू केली. पत्रा वर थरथरत होता, तो दोरीला खेचत होता, दोरी मशीनला खेचत होती आणि त्या शिवत होत्या. मास्तर ओल्या फरशीवर उभे राहून बघत होते. आपल्याला या बाईविषयी काहीच ठाऊक नव्हतं, असं त्यांना वाटलं. वजन सोडलं तर.

तीनला वारा आणखी वाढला. काटा अठ्ठावीसवर गेला, तिसावर गेला, मग एकदम चौतीस झाला आणि स्टँडचा पुढचा पाय फरशीवरून चांगला दोन बोटं उचलला गेला. टीप नाडीवरून घसरून भलतीकडे धावली. मास्तरीणबाईंनी पायडल थांबवलं. त्यांनी वाकडी टीप बघितली, काटा बघितला आणि मग नवऱ्याकडे बघितलं. हातानं जवळ बोलावलं.

"वजन किती तुमचं?" त्या कानात ओरडल्या.

सगळ्या गावाची वजनं तपासणाऱ्या या माणसाला असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. पण उत्तर त्यांना अर्थातच ठाऊक होतं. "एकसष्ट सातशे," ते ओरडले. "उपाशीपोटी!"

"पुरेल," मास्तरीणबाई म्हणाल्या. "बसा इथे फळीवर. आणि हलू नका, टीप वाकडी जाते."

मास्तर मशीनच्या फळीच्या टोकावर बसले. स्टँडचा पाय फरशीला टेकला. कोरडे राहावेत म्हणून त्यांनी तयार एप्रन मांडीवर घेतले, त्यांवर वाकून पाठ केली आणि पाणी पाठीवर घेतलं. वाकडी गेलेली टीप मास्तरीणबाईंनी दातानं उसवली आणि पुन्हा घातली. एक एप्रन झाला की त्या नवऱ्याच्या मांडीवर ठेवायच्या, ते घडी घालायचे. श्वाससुद्धा बेतानं घ्यायचे. वर ट्रकची रिम घरंगळत गेली, पंप गेला, इस्त्री वाजत वाजत रस्त्यावर पडली. कुठली वस्तू गेली ते मास्तरांना आवाजावरून कळत होतं, पण त्यांनी एकाचंही नाव घेतलं नाही.

वारा साडेचारलाच पडला. काटा हळूहळू उतरत चारवर आला, मग शून्यावर. ते मास्तरांना दिसत होतं आणि मास्तरीणबाईंनाही दिसत होतं. दोन एप्रन अजून शिवायचे होते. त्या उठा म्हणाल्या नाहीत आणि चाळिसावा एप्रन होईपर्यंत मास्तर तिथून उठले नाहीत.